शतावरी नसलेला कल्प

१

शतावरी कल्पात शतावरीच नव्हती. साखर होती, वेलदोडा होता, नावापुरतं केशर होतं, आणि जिच्या नावावर बरणी विकायची ती बया मात्र बेपत्ता! आता ह्याला काय म्हणावं? आणि हे घडलं कुणाच्या घरात, तर सायखेड्याच्या मैना कुटेच्या, जिच्याकडे पाकातला चमचा जमिनीला लागला तर तो त्या दिवशी पुन्हा पाकात जात नाही.

मैनानं गावातल्या दोन-चार बायका जमवून घरीच शतावरी कल्प काढायला सुरुवात केली त्याला आता काही वर्षं झाली होती. पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा निघतात, झोप उडते, डाळ करपली तरी रडू येतं, अशा बायकांसाठी हा कल्प. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका आयुर्वेदिक दुकानदाराला तो पसंत पडला आणि तो वर्षभर माल घ्यायला तयार झाला. त्याआधी शिस्तीचा भाग म्हणून त्यानं जानेवारीच्या मालातली एक बरणी तपासणीला धाडली. फेब्रुवारीत उत्तर आलं, की ह्यात शतावरीचा अंश नाही, कसलंतरी पीठ आहे. दुकानदार भला माणूस. त्यानं आरडाओरडा केला नाही, एवढंच म्हणाला, की ताई, तुम्ही मला फसवताय की तुम्हाला कुणी फसवतंय ते शोधा, मी उद्या दुपारी चहाला येतो.

मैना आधी रडली, मग तिनं नाशिकला उज्वलाला फोन लावला.

उज्वला बोरस्ते मैनाची शाळेतली मैत्रीण. आयुष्यभर पोलिसांत, त्यातही बायकांच्या तक्रारी घेणाऱ्या कक्षात. खोटं बोलणाऱ्या नवऱ्यांचे इतके नमुने तिनं पाहिले होते, की स्वतःचा नवरा खरं बोलला तरी तिला दचकायला व्हायचं. मागच्या वर्षी तिनं नोकरी सोडली. कारण काय, तर झोप. पहाटे घामानं अंग भिजायचं आणि मग सकाळपर्यंत ती छताकडे बघत पडायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, कल्प घ्या हवा तर, पण तो सगळ्यांनाच लागू पडतो असं नाही, आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका. उज्वला दोन्ही घ्यायची. पाळी गेली तेव्हा सुटले एकदाची म्हणून तिनं ऑफिसात पेढे वाटले होते. आणि नंतर, कुणालाही न सांगता, तिला फार एकटं वाटलं होतं. दुसरं मूल पुढच्या बदलीनंतर बघू, असं ती म्हणत राहिली होती, आणि आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलगी एकच, ती पुण्यात, आणि तिचा फोन रविवारी यायचा.

सकाळच्या गारठ्यात चांदोरी मागे टाकून उज्वला गोदावरीच्या पुलावरून सायखेड्यात शिरली, तेव्हा मैनाच्या अंगणात निकाल जवळजवळ लागून गेला होता. पुतळाबाई गोणपाटावर बसली होती. पेठच्या बाजूच्या पाड्यावरून शतावरीच्या मुळ्या आणून देणारी हीच. मैनाचा फोन गेल्यावर ती पहिल्या बसनं आली होती. मैनाचं म्हणणं सरळ होतं. ह्या डोंगरातल्या बाया नाना तऱ्हेचे कंद खातात, त्यातलाच कुठला तरी सुकवून शतावरी म्हणून माथी मारला. दुकानदार आला की त्याच्यासमोर तिला सांगायचं, उद्यापासून येऊ नकोस.

पुतळाबाईनं उज्वलाकडे मान वर करून पाहिलं.

"मला एकटीला घालवलं तर मी जाईन, बाई," ती म्हणाली. "पण चोर म्हणून धाडलं, तर आमच्या पाड्यातल्या एकाबी बाईची मुळी पुन्हा कुणी घेणार नाय. आमच्याकडं दुसरं इकायला काय हाय?"

दुपारपर्यंतचा वेळ होता.

२

मैनाच्या घराची रचना आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुढे अंगण, मग फरशीचा ओटा, मग माजघर, आणि माजघराच्या आत कल्पाची खोली. त्या खोलीला माजघरातूनच दार. मुळ्या सोलून, सुकवून, दळून आणल्या की पूड एका मोठ्या स्टीलच्या डब्यात तिथेच राहते, आणि माल काढायच्या दिवशी पाकात पडते.

आणि एक नियम. तो मैनाच्या सासूबाईंचा, लताबाईंचा. ज्या बाईची पाळी आली असेल तिनं माजघराचा उंबरा ओलांडायचा नाही. लोणच्याला चालत नाही, पापडाला चालत नाही, मग औषधाला कसं चालेल? अशा बाईनं ओट्यावर बसून बरण्यांना लेबलं चिकटवायची आणि तिचं ताट तिला तिथेच मिळायचं. पाळीच्याच तक्रारींवरचं औषध, आणि ते करताना पाळीचाच विटाळ! उज्वलानं ह्यावरून मैनाला पूर्वीच चिडवून घेतलं होतं. मैना म्हणाली होती, आत्याबाईंना तू सांग, मी तुला माझ्या खर्चानं दवाखान्यात नेईन.

माल काढला त्या दिवशी घरात होत्या मैना, लताबाई, पाक घोटणारी सरिता, मुळ्यांची नवी गोण घेऊन आलेली पुतळाबाई, आणि ओट्यावर बसलेली सुवर्णा.

सुवर्णा आजही ओट्यावरच होती. चाळिशी ओलांडलेली, शांत, देवभोळी बाई. नवरा सोमनाथ टेम्पो चालवतो, पिंपळगावला कांदा-द्राक्षं पोचवतो. मूलबाळ नाही. तिला काही विचारायचं कारणच नव्हतं, कारण ती आत गेलीच नव्हती. उज्वला ओट्यावर टेकली आणि नेमकी त्याच वेळी तिच्या पोटातून ती ओळखीची वाफ वर आली. तिनं शाल काढली, स्वेटर काढला. सुवर्णा सरकली आणि भिंतीकडची फरशी हातानं पुसून म्हणाली, इथं बसा ताई, इथं ऊन येत नाही, फरशी गार राहते. उज्वला बसली. खरोखरच गार होती. ह्या गारठ्यात घरातल्या बाकी सगळ्या कानटोप्यांत होत्या आणि ही पोरगी नुसत्या पातळावर बसली होती, पदराचं टोक पाण्यात भिजवून मानेला लावलेलं. कष्टाची माणसं, थंडी कमी वाजत असेल, असं उज्वलाच्या मनात येऊन गेलं.

मग ती लताबाईंकडे वळली. लताबाई सत्तरीच्या, आवाज खणखणीत. नियम मोडला का कुणी, असं विचारल्यावर त्यांनी उज्वलाकडे असं काही पाहिलं, की तिला शाळेतली छडी आठवली. सगळ्या पोरी माझ्या नजरेखाली असतात, म्हणाल्या. त्यातल्या त्यात सुवर्णासारखी सोवळी बाई तर गावात नाही. मंगळवार, चतुर्थी, एकादशी, तिचं घर म्हणजे उपासाच्या सामानाचं दुकान. हे बघ देवघरातलं कुंकू, गडावरचं. संक्रांतीला सप्तशृंगीची ओटी भरून आली, तर पहिली पुडी मला आणून दिली. सख्खी सून आणते का?

सख्खी सून माजघरात होती आणि तिनं ऐकलं.

उज्वलानं सहज विचारावं तसं विचारलं, की दळलेली पूड गिरणीतून घरी कोण आणतं. लताबाईंचा चेहरा बदलला. मीच आणते, दुसरं कोण, असं म्हणत त्या उठल्या आणि देवघरापुढे आडव्या उभ्या राहिल्या. पोलिसाच्या नजरेला एवढं पुरतं. उज्वला वाकली. देवांच्या मागे, तेलाच्या बाटलीआड, एक झाकणाची डबी होती. तिनं ती उघडली. आत मळकट पांढरी पूड होती, अर्धी डबी भरून.

३

"मावशी," उज्वला म्हणाली, "हे काय?"

लताबाईंनी आधी माहीत नाही म्हणून पाहिलं. मग देवाचं आहे म्हणून पाहिलं. मग त्यांनी माजघराचं दार लोटलं आणि आवाज इतका खाली आणला, की उज्वलाला कान पुढे करावा लागला. ते म्हशीचं होतं.

म्हैस डिसेंबरात व्याली होती आणि दूध मनासारखं देत नव्हती. जनावराला शतावरी दिली की दूध वाढतं हे लताबाईंना माहेरपासून ठाऊक. पण मैनाकडे मागावं, तर ती म्हणणार, आत्याबाई, बायकांचं औषध म्हशीला? म्हणून गिरणीतून पूड आणताना, घरात पाय टाकायच्या आधीच, त्यांनी डबी भरून घेतली होती. रोज थोडी पेंडीत मिसळायची. आता म्हैस दोन्ही वेळेला चरवी भरते, एवढं सांगताना मात्र त्यांचा आवाज आपोआप मोठा झाला.

उज्वलाला हसू आवरेना. सुनेपुढे नियम सांगणारी सासू म्हशीसाठी चोरी करते, आणि लपवते कुठे, तर देवामागे! पण तिनं चिमूटभर पूड जिभेवर ठेवली आणि हसू थांबलं. पहिल्यांदा गोडसर, मग मागून येणारी कडवट चव. रोज दुधातून घेत असल्यामुळे ही चव तिला पाठ होती. हीच चव बेपत्ता होती, आणि ती म्हशीच्या डबीत सापडली.

म्हणजे पुतळाबाईची मुळी खरी होती. गिरणीतून निघाली तेव्हा पूड खरी होती. घरात आल्यावर, डब्यात पडल्यावर, पाकात जायच्या आधी कुणीतरी ती काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरं काही भरलं.

मैनाला हे सांगितलं. डोंगरातल्या बाईनं फसवलं हे तिला झेपलं असतं. आता चोर घरातला निघाला होता, आणि पुतळाबाईसुद्धा त्या दिवशी घरातच होती. मैना तेच म्हणाली. खरी मुळी देऊन पुन्हा पळवायला तिला कुणी मना केलं होतं?

४

सरिताला बोलतं करावं लागलं नाही, ती भांडायच्या तयारीतच आली. हो, मी दुसरीकडे जाणारे, पिंपळगावच्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये, आणि मैनाताईला ते बोचतंय, म्हणून माझ्यावर येणार हे मला माहीतच होतं, असं तिनं एका दमात सांगून टाकलं. उज्वलानं तिला पाणी दिलं आणि फक्त पाकाबद्दल विचारलं. पाक घोटताना काही वेगळं वाटलं होतं का?

वाटलं होतं. सरिता त्या दिवशी वैतागली होती. एरवी पूड पडली की पाक सुटतो, घोटता घोटता दाणा धरतो. त्या दिवशी तो खळीसारखा चिकट झाला, कालथ्याला धरून बसला, हात भरून आले. तिला वाटलं साखर खराब. ती हे मैनाला बोललीही होती, पण मैनाचं लक्ष नव्हतं.

पाण्यात शिजून खळ होणारं, मळकट पांढरं पीठ. उज्वला मनात म्हणाली, शिंगाडा. उपासाची लापशी अशीच कालथ्याला धरते. आणि जिनं हे केलं असतं ती स्वतःहून पाक चिकटला असं सांगत बसली नसती, म्हणून सरिताचं नाव तिनं तिथल्या तिथे खोडलं.

जेवायला सगळ्या कुठे होत्या? सरिता म्हणाली, अंगणाच्या टोकाला, गोठ्यापलीकडे उन्हात, सगळ्यांची एकच पंगत, भांडीही तिथेच नेलेली. मैनाताईनं बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी केल्या होत्या आणि भोगीची भाजी. पुतळाबाईनं तीनदा मागून घेतली. मध्ये कुणी उठलं नाही, कारण लताबाई वाढत होत्या आणि त्यांच्या पंगतीतून उठायची कुणाची छाती आहे? जेवण झाल्यावर पुतळाबाई तशीच बस पकडायला गेली, आणि बाकीच्या पाक घ्यायला आत.

"सुवर्णाचं ताट?" उज्वलानं विचारलं.

ओट्यावर, सरिता म्हणाली. बिचारी नेहमीसारखी एकटीच जेवली. आणि मग सहज, जाता जाता, हेव्यानं म्हणावं तसं म्हणाली, की तिचं एक बरं आहे. आमचं बघा, दोन महिने येत नाही, मग पंधरा दिवसांत दोनदा. ती आपली घड्याळासारखी. माल काढायच्या दिवशी नेमकी बाजूला असते म्हणून आम्ही हसतो तिला.

उज्वलानं हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

५

भोगीची भाजी भोगीलाच करतात, आणि भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस. भोगीला जी बाई बाजूला म्हणून उंबऱ्याबाहेर बसली, ती दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, सप्तशृंगीच्या गडावर देवीची ओटी भरत होती. लताबाईंनी कुंकवाची पुडी दाखवली होती आणि ओट्यावरचं ताटही त्यांनीच वाढलं होतं, पण एक गोष्ट त्यांच्या मनात माल काढायचा दिवस म्हणून राहिली होती आणि दुसरी संक्रांत म्हणून. दोन्ही शेजारी ठेवायचं त्यांना कशाला सुचेल?

सुवर्णा देवीला फसवणारी बाई नव्हती. माणसांशी खोटं बोलेल, पण पाळी असताना ती गडाची पायरी चढणार नाही, हे उज्वला पैजेवर सांगू शकली असती. म्हणजे पाळी नव्हतीच. भोगीला नव्हती, आजही नव्हती, आणि त्या बयेचं घड्याळ खोटं होतं. चाळिशीनंतर कुणाचं घड्याळ असं चालतं? गारठ्यात भिजवलेला पदर, भिंतीकडची गार फरशी. अरे देवा, ते तर उज्वलाच्या डोळ्यांसमोर होतं, आणि तिनं थंडी कमी वाजत असेल म्हणून सोडून दिलं होतं. वाफ कुठे निवते हे जिला वाफा येतात तिलाच माहीत असतं.

जी उंबरा ओलांडूच शकत नाही, तिच्याकडे कुणी बघितलं नाही. आणि सगळं घर अंगणात जेवत असताना घरात एकटी होती ती तीच.

उज्वला ओट्यावर तिच्याजवळ जाऊन बसली. चढा आवाज नाही, धाक नाही, जे सुचलं होतं ते तिनं हळूहळू सांगितलं. सुवर्णाच्या हातात एक बरणी होती. तिनं लेबल नीट सरळ लावलं, त्याच्या कडा अंगठ्यानं दाबल्या आणि बरणी बाजूला ठेवली.

"वर्ष होऊन गेलं, ताई," ती म्हणाली. "मागच्या-मागच्या दिवाळीच्या आधी शेवटची आली."

मग तिनं सगळं सांगितलं, आणि सांगताना ती एकदाही रडली नाही, त्यामुळे उज्वलाला जास्त त्रास झाला. आधीच्या मुळ्या सोलताना पुतळाबाई आत गप्पा मारत होती, तिच्या भावजयीच्या. भावजयीची पाळी थांबली होती, म्हणे, तर ह्याच डोंगरातली शतावरी खाल्ली, पाळी परत आली आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला. सुवर्णानं ते ओट्यावरून, खिडकीतून ऐकलं. पुढचं विचारावं असं तिच्या फार मनात आलं. भावजय केवढी, पाळी किती दिवस बंद होती, शतावरी किती खाल्ली? पण विचारलं असतं, तर तुला कशाला ग हवंय, असं कुणीतरी म्हटलं असतंच. कल्पात तर निम्मी साखर. तिला ती पूडच हवी होती, त्याच डोंगरातली. भोगीला तिनं घरातलं शिंगाड्याचं पीठ पिशवीतून आणलं, पंगत बसली तशी आत गेली आणि पूड ओतून घेतली. उंबरा ओलांडताना भीती वाटली का, असं उज्वलानं विचारलं, तर म्हणाली, नाही, मला विटाळ कुठे होता? तोच तर हवा होता.

रोज पहाटे सोमनाथ टेम्पो काढायच्या आधी ती दुधातून मूठभर पूड घ्यायची. एकदा पोटात दुखलं, तेव्हा आलीच म्हणून ती नाचायची बाकी राहिली. ते पित्त होतं. आता पूड संपली होती.

"त्या बायकांचं काय नुकसान झालं, असं वाटलं मला," ती म्हणाली. "त्यांना झोप लागायला हवी असते. मला..." ती थांबली. "सोमनाथ अजून दर महिन्याला माझ्या तोंडाकडे बघतात. विचारत काही नाहीत, नुसतं बघतात. मी बाजूला बसले की मान खाली घालून निघून जातात, आणि पुढच्या महिन्याला पुन्हा बघतात. खरं सांगितलं तर ते बघणं थांबेल, ताई. मला तेवढं तरी राहू द्या."

उज्वलानं नोकरीत कितीतरी कबुल्या ऐकल्या होत्या आणि त्यानंतर काय करायचं हे तिला प्रत्येक वेळी माहीत होतं. आज कळेना. तिला त्या बाईला पोटाशी धरावंसं वाटलं, आणि अंगणात गोणपाटावर पुतळाबाई बसलेली दिसत होती.

"मी तुझं नाव घेणार नाही," ती शेवटी म्हणाली. "पण तिलाही चोर होऊ देणार नाही. दोन्ही कसं जमवायचं ते मला अजून सुचलेलं नाही."

बाहेर दुकानदाराची गाडी येऊन थांबली.

६

चहा झाला. माजघरात सगळ्या बसल्या, दुकानदार खुर्चीवर, पुतळाबाई दाराशी. उज्वलानं डबीतली पूड दुकानदाराच्या तळहातावर ठेवली. म्हशीचा उल्लेख तिनं टाळला आणि लताबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदाच मायेनं पाहिलं. दुकानदारानं पूड चाखली आणि मान डोलावली. मुळी खरी आहे, उज्वला म्हणाली, ह्या बाईचा काही दोष नाही. घरात आल्यावर डब्यात अदलाबदल झाली. नव्यानं माल काढा, पुन्हा तपासा, आणि हे इथेच संपवा.

असं कुठे संपतं का? मैनानं विचारलंच, की अदलाबदल केली कुणी. उज्वला म्हणाली, ते मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. झालं! आता मैना सरिताकडे बघायला लागली आणि सरिता मैनाकडे. सरिता रडत म्हणाली, मी जाणार म्हणून मला बदनाम करून घालवताय. मैना म्हणाली, मी कुणाचं नाव घेतलं का? आणि लताबाई म्हणाल्या, आपल्या पोरींनी असं केलं नसतं, बाहेरची बाई त्या दिवशी घरात एकच होती. सगळ्यांच्या माना पुन्हा दाराकडे वळल्या. पुतळाबाईनं आपली रिकामी गोण उचलली, झटकली, घडी घातली आणि जायला उठली. दुकानदारानंही तिला थांबवलं नाही. उज्वलाचं तोंड उघडलं होतं, आणि त्यातून कुठलं नाव येणार हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात सुवर्णा ओट्यावरून उठली आणि उंबरा ओलांडून आत आली.

लताबाई ओरडल्या, तिथेच थांब. ती थांबली नाही. पुतळाबाईच्या आडवी जाऊन तिनं दार अडवलं.

"मावशी, मला वर्ष झालं पाळी येत नाही," ती म्हणाली. "पूड मी घेतली. हिची मुळी खरी होती."

दुकानदार उठला, न वाजलेला फोन कानाला लावून अंगणात गेला आणि म्हशीकडे तोंड करून उभा राहिला. मैना तोंडाला पदर लावून होती. पुतळाबाईनं सुवर्णाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. राग यायचा तिला हक्क होता आणि तो तिच्या चेहऱ्यावर आलाही होता.

"एक विचारू?" सुवर्णा तिला म्हणाली. इतक्या दिवसांचं दाबलेलं होतं, ते आता सगळ्यांसमोर बाहेर आलं. "तुमच्या भावजयीची पाळी परत आली, तेव्हा ती केवढी होती?"

पुतळाबाईला समजायला एक क्षण लागला. समजलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला. काहीही सांगता आलं असतं. खोटं सांगणं फार सोपं होतं, आणि त्या घटकेला ते कुणाला वाईटही वाटलं नसतं. उज्वलाला तर वाटून गेलं, सांग ग बाई, चाळीस सांग.

"पोर व्हती ती," पुतळाबाई हळूच म्हणाली. "ईस-बावीस वर्साची. पहिलं मूल अंगावर पीत व्हतं, म्हणून थांबली व्हती. अंगावरचं तुटलं, आली. मुळीनं आली का आपली आपण आली, मला काय ठावं?"

सुवर्णानं मान हलवली, एखाद्याला घराचा पत्ता विचारावा आणि त्यानं तो सांगावा तशी. दार सोडून ती माजघराच्या मध्यावर आली आणि सगळ्यांच्यात खाली बसली. लताबाई सरकल्या आणि त्यांनी तिला जागा करून दिली.

"लग्न झाल्यापासून गडावर जाते, मावशी," सुवर्णा त्यांना म्हणाली. "दर वर्षी ओटी भरायची आणि एकच मागायचं, ह्या महिन्याला पाळी चुकू दे. तेवढंच मागितलं कायम." ती हसली. "ऐकलं की देवीनं. जरा उशीर केला."

आणि मग ती रडली. पुतळाबाईनं गोण खाली ठेवली आणि ती तिच्याजवळ जाऊन बसली.